तारेतले चारशे वॅट

राजा आला आणि उजेड मागे सरला.
सावईवेऱ्याच्या मांडावर, दुसऱ्या अंकात,
रोहिदास शिलकर मुकुट सावरत म्हणाला,
"सूर्यासम तेज आमचे—"
पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं,
हसू लपवायला खोकतात तसं.
वरचे तिन्ही हॅलोजन
पिकल्या सुपारीच्या रंगाचे झाले होते.

"बाय, दिवे गेले?" मॅनेजर विंगेतून.
गेले नाहीत. उपाशी आहेत.

मीटर लावला: एकशे नव्वद.
देवळाच्या बोर्डावर संध्याकाळी
दोनशे तीस व्होल्ट होते, मी स्वतः पाहिले,
नारळ फुटायच्या आधी.
मग चाळीस गेले कुठे?
वाटेत एक कुळागर, एक ओहोळ,
आणि एकशे दहा मीटर बारीक वायर.
चोर यांच्यातलाच कोणीतरी.

क्लॅम्प तारेभोवती मिटला: दहा अँपियर.
कधी कधी आकडेही भल्या शेजाऱ्यासारखे येतात,
हिशेबाला सोपे.

संहितेच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलं
(पलीकडे प्रधान विष पीत होता):
चाळीस भागिले दहा, चार ओम. ही तार.
एकशे नव्वद भागिले दहा, एकोणीस. हे दिवे.
थंड असताना मोजले असते
तर याच दिव्यांनी जेमतेम दीड सांगितला असता.
तंतू तापल्याशिवाय आपला खरा विरोध
कुणाला कळू देत नाही.
आमची आईही तशीच होती.

मग गुणाकार.
एकशे नव्वद गुणिले दहा:
एकोणीसशे वॅट राजाच्या तोंडावर.
चाळीस गुणिले दहा: चारशे.
हे चारशे राजाला नाहीत, राणीला नाहीत,
देवस्थानच्या बिलात मात्र आहेत.

बॅटरी घेऊन सुपारीच्या झाडांतून निघाले.
निम्मी वायर रिळावरच गुंडाळलेली,
आळस माझाच,
आणि रिळावर, मार्गशीर्षाच्या दवात,
शेपटीत नाक खुपसून झोपलेलं
एक तपकिरी कुत्रं.
हात लावला. वायर गरम. कुत्रंही.

चारशे वॅट सापडले होते.
तेवढ्यावर गणित संपलं असतं तर बरं झालं असतं.
पण गुंडाळलेली ऊब
कुठे थांबायचं ते जाणत नाही.
प्लास्टिकचा वास यायला लागला होता.
उठवलं त्याला. त्याने माझ्याकडे पाहिलं,
वीजखात्याकडे ग्राहक पाहतो तसं.

मध्यंतरात मेन स्विच पाडला
आणि काईतान बार्रेटोचं दार वाजवलं.
कपेलाचं फेस्त गेल्याच आठवड्यात झालं,
त्याची केशरी केबल पडवीत लोळत होती,
तेवढ्याच जाडीची, तेवढ्याच लांबीची.
रात्रीचा दीड. बनियनवर उभा राहून
त्याने कशाला म्हणूनही विचारलं नाही.
"व्हर गो. पूण फाल्यां हाड."

जुनी तार रिळावरून पूर्ण सोडली,
नवी तिच्या शेजारून नेली, समांतर.
चाराचे दोन ओम झाले.
स्विच वर.
अकरा अँपियर, दोनशे आठ व्होल्ट,
मांडावर बावीसशे ऐंशीच्या वर वॅट,
आणि सगळं पांढरंशुभ्र.

एवढा उजेड मिळाला तेव्हा
राजा मेलेला होता, तिसरा अंक.
पडल्या पडल्या रोहिदास श्वास घेत होता
आणि त्याचं पोट हलताना
आता शेवटच्या रांगेलाही दिसत होतं.
पुन्हा कुणीतरी खोकलं.
मॅनेजरने माझ्याकडे असं बघितलं
की श्वासाचेही वॅट मीच वाढवले.

तारेत अजून बावीस व्होल्ट हरवतात.
बावीस गुणिले अकरा, दोनशे बेचाळीस,
दोन तारांत वाटून, कुळागरभर पसरून.
हाताला कळतही नाहीत.

कुत्र्याने जुनी तार हुंगली,
केशरी हुंगली,
रिकामं रीळ दोनदा हुंगलं,
आणि काईतानच्या केबलवर आडवं झालं,
थोडं नाराज.